स्क्रिप्टला डोळे नसतात

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या एका मुलीचे कामाचे आठ दिवस फुकट गेले, आणि दोष माझा होता. मी तिच्या कामात लुडबुड केली नव्हती की तिला काही चुकीचं सांगितलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी मी एक छोटंसं डीबगिंग टूल लिहिलं होतं आणि ती ते भरवशाने वापरत होती, एवढंच. ते टूल तिच्याशी खोटं बोललं. आजचा लेख त्याबद्दल, आणि त्या निमित्ताने डीबगरच्या क्लायंट-सर्व्हरनी आपसात कसं बोलावं याविषयी माझी जी मतं आता बऱ्यापैकी ठाम झाली आहेत, त्याबद्दल.

जे आयटीत नाहीत, किंवा आयटीत असूनही ज्यांचं आयुष्य एक्सेलमध्ये चाललंय, त्यांच्यासाठी आधी थोडंसं. लहानपणी आपण 'स्टॅच्यू' खेळायचो, आठवतंय? कुणी 'स्टॅच्यू' म्हणालं की जिथे असू तिथे, जसे असू तसे थिजायचं. डीबगर चालू प्रोग्रॅमला तसं 'स्टॅच्यू' म्हणतो. मग थिजलेल्या प्रोग्रॅमभोवती फिरून त्याच्या हातात काय आहे, खिशात काय आहे ते बघायचं आणि 'ओव्हर' म्हणून सोडून द्यायचं. कुठल्या ओळीवर आल्यावर थिजायचं हे आधीच सांगून ठेवता येतं, त्याला ब्रेकपॉइंट म्हणतात.

आता बऱ्याचदा प्रोग्रॅम असतो एका मशीनवर आणि आपण बसतो दुसऱ्या. आमचा प्रोग्रॅम लॅबमधल्या एका कंट्रोलर बोर्डावर चालतो आणि एक पंप चालू-बंद करतो. अशा वेळी डीबगरचे दोन तुकडे होतात. सर्व्हर बोर्डाशेजारी बसून प्रोग्रॅमची कॉलर धरतो, आणि क्लायंट आपल्या टेबलावर बसून सर्व्हरला हुकूम सोडतो. 'स्क्रिप्टेबल' म्हणजे हे हुकूम माणसाऐवजी एखादी स्क्रिप्टही सोडू शकते. 'रात्रभरात पाचशे वेळा या ओळीवर थांब, हे तीन आकडे वाच, जुळत नसतील तर लिहून ठेव, पुढे चल.' माणूस असलं काम तीन वेळा करेल आणि चौथ्यांदा चहाला जाईल.

माझ्या टूलचा प्रोटोकॉल अगदी साधा होता. प्रोटोकॉल कसला, नव्हताच म्हणा ना! सर्व्हरला एक पोर्ट होता, त्याला जोडायचं, कमांड टाईप करायची, उत्तर वाचायचं. मी हाताने वापरायचो तेव्हा मस्त चालायचं. मग कुणीतरी विचारलं की स्क्रिप्ट लिहिता येईल का? मी म्हटलं, येईल की! तू जे टाईप करतोस तेच स्क्रिप्टने पाठवायचं आणि उत्तरात 'स्टॉप्ड' हा शब्द आला की प्रोग्रॅम थांबला असं समजायचं. पाच मिनिटांत काम झालं आणि मला फार हुशार असल्यासारखं वाटलं.

पुढे काय झालं असेल हे तुमच्यापैकी काहींच्या लक्षात आलंच असेल. बोर्डावरचा प्रोग्रॅम स्वतः जे काही छापायचा तेही त्याच पोर्टमधून, त्याच मजकुरात मिसळून यायचं. एक दिवस कुणीतरी प्रोग्रॅममध्ये लॉगची एक निरुपद्रवी ओळ घातली. पंप बंद झाला की छापायचं, 'पंप स्टॉप्ड'.

झालं. स्क्रिप्टने 'स्टॉप्ड' वाचलं आणि प्रोग्रॅम थिजला असं समजून मेमरी वाचायला घेतली. प्रोग्रॅम तर धावत होता! सर्व्हरने 'थांब बाबा, तो अजून चालू आहे' असं म्हणायला हवं होतं. पण मी लिहिलेला सर्व्हर फार गरीब स्वभावाचा. मागितले ना बाइट्स, घ्या बाइट्स. त्यामुळे कधी कधी अर्धवट बदललेली माहिती हाती लागायची. नोंदींची संख्या सात, पण बेरीज सहाच नोंदींची. पाचशे फेऱ्यांत असं दहा-बारा वेळा व्हायचं.

तिने बिचारीने हे बघून जो निष्कर्ष काढायला हवा तोच काढला, की प्रोग्रॅममध्ये कुठेतरी मेमरी बिघडतेय. आठ दिवस तिने लॉक तपासले, ॲरेच्या मर्यादा तपासल्या, कंपायलरची सेटिंग्ज बदलून पाहिली. सोमवारच्या मीटिंगमध्ये 'अजून सापडलं नाही' असं दुसऱ्यांदा सांगताना तिचा चेहरा मी पाहिला होता. नोकरीचं पहिलंच वर्ष. 'इतके दिवस लागायला नको होते' असं कुणीतरी म्हणालं, आणि मी गप्प बसलो होतो. मलाही तसंच वाटत होतं.

शेवटी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "अरे, एक विचित्र गोष्ट सांगू? हाताने केलं की एकदाही चुकत नाही. स्क्रिप्टने केलं की चुकतं. तू एकदा बघतोस का?"

मी बघितलं. वीस मिनिटांत कळलं. त्या वीस मिनिटांनंतरचा अर्धा तास मात्र वाईट गेला.

हाताने का चुकत नव्हतं? कारण 'पंप स्टॉप्ड' ही ओळ आली की आपले डोळे ती वाचतात आणि मेंदू म्हणतो, हा लॉग आहे, सोड. प्रोटोकॉलमध्ये जे नव्हतं ते माणूस स्वतःच्या पदरचं घालत होता. स्क्रिप्टकडे डोळे नाहीत आणि पदरचं घालायला काही नाही. तिला जे शब्दांत सांगितलं तेवढंच तिचं जग. माझं पहिलं मत इथून निघालं. माणसासाठी छापलेला मजकूर हा प्रोटोकॉल नव्हे, आणि तो स्क्रिप्टला वाचायला देणं हा आळस आहे. मी केलेला आळस.

आता गंमत अशी की हा खड्डा काही मी शोधून काढलेला नाही. जीडीबी हा डीबगर रिचर्ड स्टॉलमनने १९८६ साली लिहायला घेतला. त्यावर लोकांनी खिडक्या-बटणांचे मुखवटे चढवले. त्यातला डीडीडी नावाचा लोकप्रिय मुखवटा जीडीबीचा माणसांसाठीचा मजकूरच वाचून अर्थ लावायचा. त्या मजकुरात कुणी एखादा शब्द बदलला की मुखवटा कोलमडणार हे उघड आहे. म्हणून पुढे जीडीबीत प्रोग्रॅमनी वाचण्यासाठी एमआय नावाचं वेगळं बोलणं आलं. त्यात ओळीचं पहिलंच चिन्ह ती ओळ कोणाची ते सांगतं. तुमच्या हुकुमाचं उत्तर असेल तर कॅरेट. प्रोग्रॅमची स्थिती बदलली असेल तर स्टार. माणसासाठीचा मजकूर असेल तर टिल्ड. दूरच्या टार्गेट प्रोग्रॅमने स्वतः काही छापलं असेल तर ॲट. म्हणजे माझ्या पंपाची ओळ तिथे ॲट लावून आली असती आणि कुणाचेही आठ दिवस गेले नसते. एका चिन्हाचा प्रश्न होता हो!

दुसरं मत उत्तर आणि बातमी यांच्याबद्दल. मित्राला फोन करून विचारलं, कुठे आहेस? तो म्हणतो, 'निघालोय, पाच मिनिटांत पोचतो.' पुण्यात राहणाऱ्या कुठल्याही शहाण्या माणसाला माहीत असतं की 'निघालोय' आणि 'पोचलो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मधे विद्यापीठ चौक आहे. डीबगरमध्ये नेमकं हेच असतं. 'पुढे चल' या हुकुमाला सर्व्हर 'बरं' म्हणतो, ते 'निघालोय'. प्रोग्रॅम प्रत्यक्ष थांबतो तो दोन मिलिसेकंदांनी, दोन तासांनी किंवा कधीच नाही. ते 'पोचलो'. त्या 'पोचलो'ची वाट बघत स्क्रिप्टला हुकुमाच्या उत्तरातच अडकवून ठेवलं तर मधल्या वेळात तिला काहीच करता येत नाही, 'थांब' असंही म्हणता येत नाही.

म्हणून मेसेज तीन प्रकारचे हवेत. विनंती, त्या विनंतीचं उत्तर, आणि कुणी न विचारता आलेली बातमी. मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोडच्या निमित्ताने जो डीबग ॲडाप्टर प्रोटोकॉल आणला, म्हणजे डॅप, त्यात मेसेजचे नेमके हेच तीन प्रकार आहेत. प्रत्येक विनंतीला क्रमांक असतो आणि उत्तरात तो क्रमांक परत येतो, त्यामुळे चार विनंत्या एकदम सोडल्या तरी कुठलं उत्तर कशाचं याचा घोळ होत नाही. पीएचपीच्या एक्सडीबगमध्ये वापरतात तो डीबीजीपी घ्या किंवा जावाचा जेडीडब्ल्यूपी घ्या, क्रमांकाची युक्ती दोन्हीकडे आहे. इतक्या वेगवेगळ्या लोकांना स्वतंत्रपणे तीच गोष्ट करावीशी वाटली असेल तर ती पहिल्या दिवसापासून करावी, एवढी अक्कल आपल्याला असायला हरकत नाही.

या तीन प्रकारांमुळे एक चावरी भानगडही सुटते. समजा तुम्ही 'थांब' म्हणालात आणि तो मेसेज वाटेत असतानाच प्रोग्रॅम आपला आपण ब्रेकपॉइंटवर थांबला. दोन मेसेज वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. आता थांबला तो तुमच्यामुळे की ब्रेकपॉइंटमुळे? डॅपमध्ये 'थांबलो' या बातमीत कारण लिहावंच लागतं. स्क्रिप्टने आपण काय पाठवलं होतं यावरून अंदाज बांधायचा नाही, बातमीतलं कारण वाचायचं. माणूस चुकीचा अंदाज बांधतो तेव्हा निदान त्याला शंका तरी येते. स्क्रिप्टला शंका येत नाही.

तिसरं मत माझं सगळ्यात लाडकं आहे. चांगल्या प्रोटोकॉलमध्ये 'मला हे समजत नाही' असं प्रामाणिकपणे म्हणायची सोय हवी.

जीडीबीचा दूरच्या मशीनशी बोलण्याचा जुना प्रोटोकॉल बघा. सीरियल केबलच्या काळातला आहे आणि दिसायलाही तसाच. आधी डॉलरचं चिन्ह, मग मजकूर, मग हॅश, मग दोन आकडी चेकसम. मिळालं तर समोरचा 'प्लस' पाठवतो, वाटेत बिघडलं तर 'मायनस'. (पुढे भरवशाच्या कनेक्शनवर या पावत्या बंद करायची सोयही आली.) मी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो तेव्हा हे बघून नाक मुरडलं होतं. पण त्यात एक नियम सोन्यासारखा आहे. सर्व्हरला एखादं पॅकेट कळलं नाही तर त्याने रिकामं उत्तर पाठवायचं. डॉलर, मधे काहीच नाही, हॅश, शून्य, शून्य. रिकामं म्हणजे 'चूक झाली' असं नाही, चुकीसाठी 'ई' ने सुरू होणारं वेगळं उत्तर आहे. रिकामं म्हणजे 'हे मला येत नाही'. क्लायंट लगेच दुसरा, जुना मार्ग धरतो.

या एका नियमामुळे काय काय झालं बघा. क्यूईएमयू सगळंच्या सगळं मशीन सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो आणि हाच प्रोटोकॉल बोलतो. बोर्डावरच्या चिपशी बोलणारा ओपनओसीडी हाच बोलतो. एलएलडीबी म्हणजे खरं तर जीडीबीचा स्पर्धक, पण दूरच्या सर्व्हरशी बोलायला त्यानेही हाच प्रोटोकॉल घेऊन वाढवला. मोझिलात जन्मलेला आरआर हा प्रोग्रॅमचं चालणं रेकॉर्ड करून पुन्हा, अगदी उलट्या दिशेनेही चालवून दाखवतो, आणि तोही जीडीबीला याच प्रोटोकॉलने जोडला जातो. सीरियल केबलच्या जमान्यात ठरलेल्या गोष्टीवर मागे जाणारा डीबगर उभा राहतो, कारण ज्याला मागे जाता येत नाही तो सरळ तसं सांगू शकतो. आपल्याकडे मीटिंगमध्ये 'मला हे येत नाही' म्हणायला माणसं किती कचरतात ते बघता, सॉफ्टवेअर आपल्यापेक्षा बरं म्हणायचं :-)

डॅपने हेच जरा आधुनिक पद्धतीने केलंय. पहिल्याच भेटीत दोघंही आपल्याला काय काय येतं त्याची यादी देतात, आणि यादीत नसेल ते येत नाही असं धरायचं. नुसता आवृत्ती क्रमांक सांगण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. कारण आवृत्तीच्या वाटेने गेलं की चुकाही जपून ठेवाव्या लागतात. जीडीबीच्या एमआयमध्ये एका ब्रेकपॉइंटच्या अनेक जागा असल्या तर येणारं उत्तर एमआयच्या स्वतःच्याच व्याकरणात बसत नव्हतं. ती चूक सुधारायला एमआयची तिसरी आवृत्ती काढावी लागली, २०२० मधल्या जीडीबी ९ सोबत. जुन्या आवृत्तीत चूक तशीच राहू द्यावी लागली, कारण लोकांचे क्लायंट चुकीच्याच उत्तरावर बेतलेले. प्रोटोकॉलमधली चूक ही भाड्याच्या घरातल्या भाडेकरूसारखी असते, एकदा आत आली की निघायचं नाव घेत नाही.

चौथं मत 'काय बदललं' विरुद्ध 'काय आहे' याबद्दल. माझ्या जुन्या टूलमध्ये 'ब्रेकपॉइंट लाव' आणि 'ब्रेकपॉइंट काढ' अशा कमांड होत्या. मधे कनेक्शन तुटलं की सर्व्हरवर कुठले लागलेत आणि स्क्रिप्टला कुठले वाटतायत, यात फरक पडायचा. डॅपमध्ये एका फाईलचे ब्रेकपॉइंट लावायचे तर दर वेळी त्या फाईलची संपूर्ण यादी पाठवायची. आधीची यादी रद्द, ही खरी. तोच मेसेज दोनदा गेला तरी काही बिघडत नाही. वाण्याकडे 'मगाशी सांगितलं त्यातली साखर काढा, डाळ अर्धा किलो वाढवा' असं फोनवर तीनदा सांगण्यापेक्षा नवी यादी पाठवलेली बरी. शिवाय उत्तरात प्रत्येक ब्रेकपॉइंट खरोखर लागला की नाही ते येतं. हे स्क्रिप्टसाठी फार मोलाचं आहे. न लागलेल्या ब्रेकपॉइंटवर प्रोग्रॅम थांबेल म्हणून स्क्रिप्ट रात्रभर वाट बघत बसते, आणि सकाळी आपण तिला शिव्या देतो.

पाचवी गोष्ट जरा गणिताची. 'या ओळीवर थांब, पण तापमान शंभरच्या वर असेल तरच.' ही अट कोणी तपासायची, क्लायंटने की सर्व्हरने? क्लायंटने म्हटलं तर दर वेळी प्रोग्रॅम थांबणार, बातमी येणार, क्लायंट तापमान मागणार, उत्तर येणार, मग क्लायंट 'पुढे चल' म्हणणार. म्हणजे जाऊन-येऊन दोन फेऱ्या. एक फेरी ४० मिलिसेकंदांची धरा, व्हीपीएनवरून एवढी सहज होते. प्रोग्रॅम त्या ओळीवरून एक लाख वेळा गेला तर ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तास नुसते येण्याजाण्यात. सर्व्हरवर अट तपासली तर ही वाहतूकच नाही.

मग अख्खी स्क्रिप्टच सर्व्हरवर नेऊन का चालवू नये? मला स्वतःला हा मोह झाला होता. पण बोर्डाशेजारी बसलेल्या सर्व्हरमध्ये कुणाचाही वाटेल तो कोड चालवायचा म्हणजे ज्या प्रोग्रॅमचा आजार शोधतोय त्यालाच आपण धक्का लावायचा. जाणत्यांनी इथे मधला मार्ग काढलाय. जेडीडब्ल्यूपीमध्ये घटनेला थोड्याशा ठरलेल्या गाळण्या लावता येतात: अमुक थ्रेड, अमुक जागा, अमुक वेळा झाल्यावर. जीडीबी छोट्या अटींचं बाइटकोड करून पाठवतो. २००५ साली सोलॅरिस १० सोबत आलेल्या डीट्रेसच्या भाषेत तर लूपच ठेवला नव्हता, म्हणजे कुणी आत जाऊन अडकूनच बसायला नको. माझं मत याच बाजूचं आहे. सर्व्हरला छोट्या, ठरलेल्या अटी कळाव्यात. बाकीची हुशारी क्लायंटकडे.

जाता जाता सुरक्षिततेबद्दल. डीबगरचा पोर्ट म्हणजे घराची किल्ली. तिथून मेमरी वाचता येते, लिहिता येते, हवं ते चालवता येतं. जेडीडब्ल्यूपीमध्ये ओळखपत्र विचारायची पद्धतच नाही. जावा ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, नुसता पोर्ट दिला तर तो फक्त त्याच मशीनपुरता उघडतो, ही सुधारणा त्यातूनच आली. क्रोम ब्राउझरच्या डीबगिंग पोर्टातून कुकीज चोरण्याचे प्रकार झाले, म्हणून २०२५ मध्ये क्रोम १३६ पासून नेहमीच्या प्रोफाइलवर तो पोर्ट उघडणंच बंद केलं. आपलं टूल तर ऑफिसातच वापरतो, असं म्हणणाऱ्यांनी ऑफिसच्या वायफायवर कोण कोण असतं ते एकदा आठवून बघावं. माझा पोर्टही सगळ्या नेटवर्कला उघडा होता. आता एसएसएचमधूनच जाता येतं.

तुम्ही म्हणाल, चार जणांच्या टीमच्या टूलला हा एवढा शाही थाट कशाला? बरोबर आहे, मीही दीड वर्षापूर्वी हेच म्हणालो होतो. नवा प्रोटोकॉल लिहायला मला दोन वीकएंड लागले. एका बाजूला माझे चार दिवस, दुसऱ्या बाजूला तिचे आठ. शिवाय माझे चार दिवस मी माझ्या मर्जीने, घरी चहा पीत घालवले. तिचे आठ दिवस आपल्याला काही येत नाही असं वाटण्यात गेले. हा हिशोब कुठल्याही टाइमशीटमध्ये बसत नाही.

आणि खरं सांगायचं तर पुन्हा करायचं झालं तर मी स्वतःचा प्रोटोकॉल लिहिणारच नाही. सोर्स कोडच्या पातळीवरचा डीबगर असेल तर डॅप घ्यावा. आता जीडीबीसुद्धा तो थेट बोलतो, डिसेंबर २०२३ मधल्या १४ व्या आवृत्तीपासून. बोर्डाशी गाठ असेल तर जीडीबीचा जुना प्रोटोकॉल घ्यावा, आपल्या खास कमांडसाठी त्यात जागा ठेवलेली आहे. नाक मुरडण्याचं वय माझं गेलं.

आता आमच्याकडे काय आहे ते सांगतो. मेसेज जेसनमध्ये, आणि प्रत्येकाच्या आधी त्याची लांबी, म्हणजे मेसेज कुठे संपला ते हुडकत बसायला नको. विनंती, उत्तर आणि बातमी वेगवेगळी. प्रोग्रॅमने स्वतः छापलेलं सगळं एका खास बातमीत गुंडाळून येतं, त्यात काही का लिहिलेलं असेना. आणि एक गोष्ट आमची आम्ही घातली. प्रोग्रॅम दर वेळी थांबला की त्या थांब्याला क्रमांक मिळतो. काहीही वाचायचं असेल तर कुठल्या थांब्यावरचं ते सांगावं लागतं. प्रोग्रॅम पुढे निघून गेला असेल तर सर्व्हर बाइट्स देत नाही, 'तो थांबा मागे पडला' असं सांगतो. (डॅपमध्येही व्हेरिएबलचे संदर्भ प्रोग्रॅम थांबलेला असेपर्यंतच चालतात, कल्पना तिथलीच.) गरीब स्वभाव सोडून सर्व्हर आता थोडा खडूस झालाय, आणि डीबगरने खडूसच असावं असं माझं मत झालंय.

पुढच्या सोमवारी मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर सांगितलं की बग तिच्या कामात नव्हता, माझ्या टूलमध्ये होता, आणि तो तिने शोधला. कारण खरंच तिने शोधला. 'हाताने बरोबर, स्क्रिप्टने चूक' हे एक वाक्य म्हणजे अख्खं निदान होतं, मी फक्त औषध दिलं. ती काही बोलली नाही. दुपारी मात्र तिने टूलसाठी एक टेस्ट लिहून पाठवली. एक छोटासा प्रोग्रॅम आहे, तो काहीच करत नाही, फक्त छापत राहतो. स्टॉप्ड, ओके, एरर, पुन्हा स्टॉप्ड, मधेच आमच्या प्रोटोकॉलमधला हुबेहूब खोटा जेसन. आणि या सगळ्या बडबडीत स्क्रिप्टने एकदाही फसायचं नाही, अशी अट.

ती टेस्ट आमच्याकडे रोज रात्री चालते. पहिल्या रात्री नवा प्रोटोकॉलसुद्धा तिने एकदा पाडला होता. लांबी मोजताना मी बाइट्सऐवजी अक्षरं मोजली होती, आणि बाईसाहेबांनी मुद्दाम मराठीत छापलं होतं. देवनागरीतलं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये किमान तीन बाइट्स खातं, हे मला पाठ असायला हवं होतं.

असो. तूर्तास इतकंच.